बिनक्लचची गाडी

आमच्या गाडीला क्लच नव्हता. सोलापुरात हे ज्याला त्याला सांगावं लागे, आणि सांगितलं तरी लोक दार उघडून, वाकून पायापाशी बघत. दोनच पेडल होती, एक ब्रेकचं आणि एक वेगाचं. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या मागून आडवी बाहेर आलेली. ती ‘डी’ या अक्षरावर आणून ठेवली की गाडी स्वतःच चालायला लागे आणि पुढचे गिअर स्वतःच बदलून घेई. स्टिअरिंग डाव्या हाताला, मागे उघडा हौदा. रंग एके काळी निळा असावा. आमच्या दारात आली तेव्हा तो बऱ्याचदा धुतलेल्या शाळेच्या स्कर्टसारखा झाला होता.

दुष्काळाच्या दिवसांत गावाबाहेर परदेशी लोकांनी एक मदतकेंद्र उघडलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे भांडार सांभाळत. पुढे पाऊसपाणी सुधारलं, केंद्र बंद झालं आणि ते लोक सामान विकून निघून गेले. जीप आणि ट्रक लगेच गेले. ही पिकअप मात्र कुणी घेईना, कारण बिघडली तर उघडणार कोण? अण्णांनी ती घेतली. कारखान्यांतून चादरींचे गठ्ठे स्टेशनवर आणि स्टेशनवरून सुताच्या गाठी कारखान्यांत, असा धंदा त्यांनी तिच्यावर सुरू केला. एवढ्या गाड्या विकायला असताना ते हीच का घेऊन आले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या बांधाव्या लागतात. इंग्रजी शाळेत नन्सनी मला नेहमी दाराजवळच्या बाकावर बसवलं, म्हणजे सगळ्यांच्या आधी निघता येईल. मी सगळ्यांच्या नंतर निघायची. बोलायची कमी, पण ऐकायला सगळं येई. कॉलेजात गेल्यावरही तसंच. कुठे जायचं म्हटलं की कुणीतरी बरोबर हवं, टांगेवाल्यानं हात द्यायला हवा, बसच्या पायरीवर मागच्यांनी थांबायला हवं. थांबलेले लोक काही बोलत नाहीत, नुसते थांबतात.

होटगी रस्त्याच्या पुढच्या माळावर एका सकाळी अण्णांनी गाडी उभी केली आणि मला डाव्या बाजूच्या सीटवर बसवलं. “डावा पाय आत घे, कडेला ठेव, आणि त्याच्याकडे बघू नको,” ते म्हणाले. एवढंच शिक्षण. वेग आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाचं काम. उन्हाळा संपेस्तोवर मी गठ्ठे भरलेली गाडी स्टेशनपर्यंत नेऊ लागले होते. अण्णा शेजारी बसत. पक्कं लायसन्स अजून हातात आलं नव्हतं.

आणि मग फाटकावरची ती गोष्ट झाली.

आमच्या घराकडून स्टेशनला जाताना रेल्वेचं फाटक लागतं. रूळ रस्त्यापेक्षा उंच, दोन्हीकडे चढ. त्या दुपारी हौद्यात चादरी खच्चून भरल्या होत्या. मी चढावर वेग दिला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे गेली नाही. पुढची चाकं रुळांच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडी तिथेच. मी आणखी दाबलं. आवाज वाढला, गाडी जागची हलेना. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी.

“सोड. पाय सोड आधी,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांनी दाराची कडी उघडून ठेवली होती. माझ्या बाजूच्या दाराकडे त्यांचं लक्ष होतं. मला कळलं की मला किती वेळात खाली उतरवता येईल, याचा ते हिशेब करतायत.

फाटकवाला हिरवं फडकं सोडून धावत आला. “ओ बाई, काढा की भाईर! मालगाडी सुटलीया तिकडनं!”

मागचा बैलगाडीवाला, दोन सायकलवाले, फाटकवाला, सगळ्यांनी मागून रेटा दिला. गाडी रुळांवरून घरंगळली, उतारावर आली आणि मग अचानक आतून कुणी लाथ घालावी तसा धक्का बसून स्वतः चालायला लागली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. अण्णांनी बोटं एक एक करून सोडवली, मला पलीकडे सरकवलं आणि उरलेला रस्ता त्यांनी गाडी चालवली. मालगाडी गेल्याचा आवाज आम्ही स्टेशनच्या आवारात ऐकला.

त्या दिवसापासून गाडी अशी कुठेही सुटायला लागली. सुटायची म्हणजे इंजिन चालू आणि चाकांना त्याची खबर नाही. अण्णा गठ्ठे निम्मेच घेऊ लागले. मला पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं नाही.

गावातल्या मेकॅनिकांनी दुरूनच हात जोडले. एक म्हातारे मिस्त्री तेवढे घरी येऊन गाडीखाली शिरले. बाहेर आले ते मान हलवतच. मी त्यांना चहा दिला.

“अण्णा, सच बोलूँ?” ते म्हणाले. “ये डब्बा खोलनेकू मेरेकू डर लगता. अंदर क्या हय क्या नै, अल्ला जाने. निकालके फेको इसकू. मेरे पास जीपका गिअरबॉक्स पडेला हय. क्लच-बिच सब बिठा देताऊँ. मक्खन चलेगी.”

“बघू,” अण्णा म्हणाले.

“बघू-बिघू क्या? पटरीपे मरना हय क्या? बेटी, चाय एकदम कडक!”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणीही हेच सांगितलं असतं. धंद्याच्या दृष्टीनं अण्णांना त्यात तोटा नव्हता. क्लचची गाडी कुणीही दुरुस्त करतं, ड्रायव्हरही मिळतात. फक्त ती मला चालवता आली नसती. कधीच. हे मिस्त्रींना माहीत असायचं कारण नव्हतं, आईनं कधी या बाजूनं विचार केला नसावा आणि अण्णा बोलत नव्हते. मी कपबश्या उचलून आत नेल्या. स्वयंपाकघरात ठेवताना बशीवर कप वाजत राहिला, म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवले.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून तो गिअरबॉक्स आमच्या अंगणात आला. मिस्त्रींच्या गॅरेजात जागा नाही म्हणून आत्ताच ठेवून जातो, असं सांगून माणूस गेला. धुण्याच्या दगडाशेजारी तो राखाडी ठोकळा, वर गोणपाट आणि गोणपाटाखाली क्लचचं सुटं पेडल. सकाळी तोंड धुताना ते सगळं समोर.

आईला ते बरंच वाटलं. “सगळ्यांच्या गाड्यांना असतो क्लच. आपलीच का वेगळी?” मी भाजी निवडत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आणि तूही ते चालवणं सोडलंस ते बरं झालं. पाय बघून नको म्हणणारी स्थळं म्हणतीलच. गाडी हाकते म्हणून नको म्हणायला कशाला आणखी कारण द्यायचं?” ती हे रागानं बोलली नाही. गवारीच्या शिरा काढत, मीठ मागावं तसं बोलली.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी धुण्याच्या दगडावर बसले, गोणपाट बाजूला केलं आणि ते पेडल जमिनीवर उभं धरून त्याच्यावर डावा पाय ठेवला. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. दाबायला काही नव्हतंच. तरी बूट रबरावरून घसरला आणि पट्टी दगडावर आपटली. मी गोणपाट होतं तसं नीट घातलं.

गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आधी बदलून बघावं, हे माझ्या मामाच्या डोक्यातून निघालं. मामा मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. हात चालू, तोंड त्याहून चालू.

“दाजी, डायरेक डब्बाच काय काढताय?” तो अण्णांना म्हणाला. “आदी तेल बदलून बगू की. ह्ये गाडीचं रगतच हाय. रगत नासलं तर आदी औषीद देतात, लगीच पाय कापत न्हाईत.”

आई खोकली. मामानं माझ्याकडे पाहिलं, जीभ चावली आणि उगाचच उठून बाहेर पाणी प्यायला गेला. मला मात्र त्याचं वाक्य वाईट वाटलं नव्हतं. उलट कुणीतरी ते मोठ्यानं बोललं याचं बरं वाटलं होतं.

त्या गाडीचं तेल साधं नसतं. लाल असतं, पातळ असतं आणि सोलापुरात मिळत नव्हतं. ओळखीच्या ट्रकवाल्याला मुंबईला जाताना सांगून ठेवलं. तो दोनदा रिकाम्या हातानं आला. शेवटी डबे घेऊन आला तेव्हा निरोपही घेऊन आला, की दुकानात होतं नव्हतं ते सगळं हेच, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. अण्णांनी डबे देवघराखालच्या कपाटात ठेवले. मिस्त्रींना त्यांनी सांगून टाकलं, तेलानं झालं तर झालं, नाहीतर तुमचा डबा बसवा.

मामाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच काम काढलं. मामानं मिलमधून जाड लाकडी ठोकळे आणले होते. फळ्यांवरून पुढची चाकं चढवून गाडीचं तोंड वर केलं, ठोकळे खाली सरकवले आणि मागच्या चाकांना दगड लावले. मग दोघं पाठीवर झोपून आत शिरले. मला काम दिलं ते पायरीवर बसून स्टीलच्या ताटात बोल्ट जमा करायचं आणि मागतील ते पान्हे सरकवायचं.

मला दिसत होते फक्त पाय. मामाचे अनवाणी, टाचा भेगाळलेल्या. अण्णांचे चपलांत. मामा पान्ह्याला हिसका देई तेव्हा सगळी गाडी हले आणि ठोकळा कुरकुरे. मी त्या ठोकळ्यावरून नजर काढू शकत नव्हते. नजर काढली तर तो सरकेल, असं मला खरंच वाटत होतं. अण्णांचा पाय हलला की मी श्वास घेत होते.

“जरा हळू ओढा,” मी म्हणाले.

“काय म्हनली?” मामा आतून.

“काही नाही.”

या गाडीच्या गिअरबॉक्सखाली एक पसरट पत्र्याचं ताट असतं. तेल त्यात असतं आणि ते काढायला वेगळं बूच नसतं. ताटच सैल करावं लागतं. मामानं एका बाजूचे बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे सैल केले, ताट खाली झुकलं आणि सगळं त्याच्या मानेवर.

“आरारारा! आंगूळ झाली की ओ!”

बाहेर ओघळलं ते तेल लाल नव्हतंच. गढूळ तपकिरी होतं, करपलेल्या गुळासारखा वास. ताटाच्या तळाशी काळा लगदा, आणि तो बोटावर घेऊन मामानं उन्हात धरला तेव्हा त्यात बारीक चकाकी होती. “झीज हाय ही,” तो एवढंच म्हणाला. पुढे काही विनोद केला नाही. त्याचं विनोद न करणं मला त्या चकाकीपेक्षा जास्त घाबरवून गेलं.

ताटाच्या वर, आत, तेल गाळायची जाळी होती. तपेलीच्या झाकणाएवढी, बारीक पितळी तारेची. ती पूर्ण काळी झाली होती. नवीन मिळायचा प्रश्न नव्हता. धुऊन तीच लावायची. मामानं ती रॉकेलमध्ये खळखळून धुतली, ताट धुतलं आणि मग नेहमीप्रमाणे पिशवीत हात घालून वेस्टचा गोळा काढला.

आमच्या गावात हात पुसायला फडकं कुणी शोधत नाही. मिलमध्ये सुताचे जे तुकडे, गुंतवळं उरतात त्याला सगळे वेस्ट म्हणतात, आणि ते घराघरांत असतं. सायकल पुसायला वेस्ट, कंदिलाची काच पुसायला वेस्ट, मशीन पुसायला तर वेस्टच. मामानं ताट आरशासारखं पुसलं. जाळी दोन्ही बाजूंनी पुसली. आत गिअरबॉक्समधून थेंब गळत होते तेही हात वर घालून पुसून काढले. त्याच्या कामात कसूर नव्हती. मिलमध्ये मशीन उघडलं की आधी पुसून लख्ख करायचं आणि मगच बंद करायचं, ही त्याची सवय होती.

मला नुसतं कसंतरी वाटत होतं. का, ते कळत नव्हतं.

मामानं कॉर्कच्या शीटमधून ताटाच्या मापाची पट्टी आधीच कापून आणली होती. जाळी बसवून, तेल गळू नये म्हणून ती पट्टी मध्ये घालून ताटाचे बोल्ट कसले. दोघं बाहेर आले. बॉनेट उघडून बारीक नळीत नरसाळं लावलं आणि अण्णांनी पहिला डबा फोडला.

तो वास आला आणि मला सगळं आठवलं.

दुष्काळातल्या एका सुट्टीत मी अण्णांबरोबर केंद्रावर गेले होते. अण्णा आत भांडारात, मला बाहेर सावलीत पोत्यांवर बसवलं होतं. मदतकेंद्राचा एक उंच गोरा साहेब याच गाडीखाली झोपून हेच काम करत होता. त्याची जाळी धुऊन झाली तसा तिथल्या ड्रायव्हरनं आपणहून वेस्टचा गोळा पुढे केला. साहेबानं हात असा मागे घेतला जसा गोळ्यात विंचू असावा. तो इंग्रजीत भराभरा बोलला, आणि ते तिथे एकट्या मला समजलं: याचा एक धागाही आत जाता कामा नये, आत केसाएवढ्या वाटा आहेत, त्या बुजल्या की संपलं. मग त्यानं जाळी पेट्रोलमध्ये खंगाळली, कडेला धरून झटकली आणि वाऱ्यावर वाळत ठेवली. पुसली नाही. नंतर ड्रायव्हर त्याची नक्कल करून हसत होता, साहेब सुताला भितो म्हणून.

अण्णा डबे ओतत होते. मी ओठ मिटून बघत होते. दोन डबे. तीन. आता बोलावं तर तेल सगळं परत काढावं लागणार. सांडणार. कॉर्कची पट्टी एकच होती, काढताना फाटली तर दुसरी नाही. तेल कमी पडलं तर मुंबईत दुसरं नाही. म्हणजे मिस्त्रींचा डबा. मी जे व्हायला नको म्हणून घाबरत होते, ते माझ्या बोलण्यानंच झालं असतं. आणि मी चुकत असले तर? साहेब दुसऱ्याच कशाबद्दल बोलला असेल. मी लहान होते. लांब पोत्यांवर बसले होते.

मामानं इंजिन चालू केलं. दांडी हळूहळू सगळ्या अक्षरांवरून फिरवली. गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, अंगणात हातभर पुढे, हातभर मागे. धक्का नाही, आवाज नाही. तुळशीपर्यंत गेली आणि आली.

“बगा! बगा दाजी! नवी नवरी चालतीया!” मामा खिडकीतून ओरडला. आई नारळ घेऊन बाहेर आली. शेजारच्या घरातली माणसं दारात उभी राहिली. सगळ्यांचे चेहरे हसरे. त्या सगळ्यांच्या समोर मला तोंड उघडायचं होतं. शाळेत इतक्या वर्षांत मी एकदाही आपणहून हात वर केला नव्हता.

मी अण्णांच्या जवळ गेले. “परत उघडायला पाहिजे,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कान पुढे केला. मी परत म्हणाले. मग साहेबाची गोष्ट सांगितली, उलटीसुलटी, अर्धी.

मामाला मात्र ऐकू गेलं. “आयला! विंग्रजी शाळेत गिअरबाक्स शिकिवत्यात व्हय आता?” तो हसला. “अगं, वीस वर्सं वेस्टनंच मशीनी पुसतोय. एकबी मशीन मेलं न्हाई.”

“मशीन वेगळं असेल मामा,” मी म्हणाले.

“आता चालत्या गाडीचं प्वाट फाडायचं? ताई, तुज्या लेकीला काय झालं बग.”

आई नारळ हातात धरून उभी होती. “अगं चालतेय की,” ती म्हणाली.

अण्णांनी मला विचारलं, “नक्की आठवतंय?”

मला हो म्हणायचं होतं. “नक्की नाही,” मी म्हणाले. “पण त्यानं हात असा मागे घेतला होता.” मी हात मागे घेऊन दाखवला.

अण्णांनी धुण्याच्या दगडाकडे, गोणपाटाकडे बघितलं. मग माझ्या बुटाकडे. ते माझ्या पायाकडे कधी बघत नसत. त्या दिवशी बघितलं. “इंजिन बंद कर,” ते मामाला म्हणाले.

“दाजी!”

“बंद कर. ठोकळे घे.”

या वेळी तेल वाया घालवायचं नव्हतं. खाली ठेवायला मोठं, स्वच्छ भांडं हवं होतं. मी आईकडे बघितलं. आईनं नारळ पायरीवर ठेवला, आत गेली आणि तिचं लग्नातलं पितळी घंगाळ घेऊन आली. “घ्या,” ती म्हणाली. “दिवाळीला त्यात पाणी घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.” ते घंगाळ ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

मामा पुटपुटत आत शिरला. ठोकळा परत कुरकुरला. या वेळेला अण्णा त्या गाडीखाली माझ्यामुळे होते. मी पायरीवर न बसता ठोकळ्याच्या शेजारीच जमिनीवर बसले आणि त्याला हात लावून ठेवला, जणू माझ्या हातानं तो थांबणार होता.

तेल घंगाळात आलं, लालभडक. थोडं कडेनं सांडलं. कॉर्कची पट्टी मामानं सुरीच्या पात्यानं अलगद सोडवली, आणि ती अखंड निघाली तेव्हा त्याच्याच तोंडून सुस्कारा आला. मग जाळी.

मामा बाहेर आला आणि उन्हात जाळी माझ्यासमोर धरली. तारांवर पांढरे धागे आडवे चिकटले होते. खूप नव्हते. बोटांवर मोजता आले असते. इंजिन इतकंसं चाललं होतं आणि ते आत ओढले गेले होते, ताठ, एका दिशेनं झोपलेले.

“एवड्याशा सुतानं काय होतंय,” तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. एक धागा चिमटीत घेऊन त्यानं पीळ देऊन बघितला. “आपल्याच मिलचं हाय,” तो म्हणाला. “वळखीचं हाय म्हनून आत गेलं.” मग पेट्रोलची बाटली घेऊन तो बसला आणि कुंचल्यानं जाळी, ताट, सगळं परत धुवायला लागला. मला विचारून. “आता पुसू नगं ना?” “नको.” “झटकू?” “हो.” त्या धाग्यांनी खरंच काही झालं असतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मामानंही नंतर कधी तो विषय काढला नाही.

वाळवायचं मोठं काम होतं. आमच्या पेठेत हवेतसुद्धा सूत असतं. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग धडधडत असतात आणि दुपारी अंगणात पांढरं पांढरं तरंगताना दिसतं. मी जाळीवर आडवा हात धरून बसले होते. आई बाहेर आली, बघितलं आणि आतून दुधावर ठेवायचं तारेचं झाकण आणून जाळीवर पालथं घातलं. तेल गाळायला तिनं चहाची गाळणीही दिली, न मागता. ती परत चहाला वापरता येणार नव्हती.

परत सगळं लावलं, भरलं. इंजिन चालू ठेवून अण्णांनी तेलाची मापपट्टी काढली. हे चालू इंजिनावरच बघायचं असतं. तेल खालच्या खुणेच्या जरा खाली होतं. सांडलं तेवढं कमी.

“पुरेल,” अण्णा म्हणाले.

“इचारताय का सांगताय?” मामा.

धुण्याच्या दगडाशेजारचं गोणपाट अण्णांनी काढलं, मामाला हाक मारली आणि दोघांनी तो राखाडी डबा कण्हत कण्हत उचलून पिकअपच्या हौद्यात ठेवला. पेडलही ठेवलं. “मिस्त्रींना परत देऊन येऊ,” ते म्हणाले आणि उजवीकडून चढून शेजारच्या सीटवर बसले. डावीकडची सीट रिकामी. आई काही म्हणेल असं मला वाटलं. तिनं पायरीवरचा नारळ उचलला आणि पुढच्या चाकाजवळ फोडला.

मिस्त्रींचं गॅरेज फाटकाच्या पलीकडे होतं. हे मला चढ दिसल्यावर आठवलं, आणि अण्णांना ते निघतानाच माहीत होतं. हौद्यात मामा त्या डब्यावर बसला होता. फाटक उघडं. फाटकवाल्यानं गाडी ओळखली, हात वर केला आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना लांबवर बघून घेतलं.

मी वेग दिला. चढावर इंजिनाचा आवाज वाढला, आणखी वाढला, आणि क्षणभर मला वाटलं की गाडी थांबली. कदाचित वाटलंच असेल. अण्णांचा हात दाराच्या कडीवर होता का, हे बघायचं धाडस मला झालं नाही. मग आत काहीतरी बसल्यासारखा हलका धक्का लागला, चाकं पहिल्या रुळावर चढली, दुसऱ्यावर, मागून डबा पत्र्यावर आपटला आणि मामानं एक शिवी दिली. आम्ही उताराला लागलो होतो.

“हं,” अण्णा म्हणाले.

मिस्त्री गॅरेजच्या दारात उभे राहून बघत होते. डबा परत आलेला बघून ते हसले, रागावले नाहीत. मग त्यांची नजर स्टिअरिंगवर गेली. “कौन चलाके लाया? बेटी?”

हात अजून सुटले नव्हते.

“आपली आपन चालतीया की,” मामा वरून म्हणाला. “क्लच न्हाय तिला.”

त्यांनी डबा उतरवून घेतला. पेडल मिस्त्रींनी हातात तोलून बघितलं आणि भंगाराच्या ढिगावर टाकलं. आम्ही वळलो. येताना फाटक बंद होतं, मालगाडी यायची होती. मी दांडी ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर आणली. मालगाडीचे डबे एकामागून एक जात होते आणि सगळी पिकअप खालून थरथरत होती. उजवा पाय ब्रेकवर घट्ट दाबून ठेवला होता. डावा नेहमीच्या जागी, कडेला. फाटकवाला दांडा वर करायला लागला तेव्हा मी परत ‘डी’वर हात नेला.